वाटेत बंद पडलेली मोटार

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर पोसलेला ऊस फडातून निघून माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी व शहाजीनगर येथील कारखान्यांच्या वाटेस लागतो. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलांच्या टायरगाड्या, मालमोटारी आणि त्यांतून वाट काढणाऱ्या आमच्यातुमच्या मोटारी असा हा ओघ रात्रंदिवस वाहत असतो. या ओघात एखादे वाहन मध्येच बंद पडले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु जे सर्वांस ठाऊक असते त्याविषयीच कोणी काही करीत नाही, असा अनुभव असल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मोटार ही आपल्या भागास आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावाने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापून मुंबईस कुर्ल्यात मोटारींचा कारखाना उभारला. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी गाड्या तयार होतात. बारामतीस परिवहन खात्याचे स्वतंत्र कार्यालय असून तेथील ‘एमएच ४२’ ही खूण पुण्यामुंबईच्या रस्त्यांवरही सहज दृष्टीस पडते. सारांश, मोटार विकत घेण्याची ऐपत आमच्या बागाईतदारास आली. ती राखण्याची विद्या मात्र त्या मानाने आली नाही, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या वडीलधाऱ्यांची रीत आठवून पाहा. बैलगाडी जोडून पंढरीस किंवा दूरच्या बाजारास निघावयाचे म्हणजे आदल्या सायंकाळीच चाके उतरवून कण्यास वंगण घातले जाई. धाव सैल झाली आहे काय, एखादा आरा हलतो काय, खीळ जागेवर आहे काय, हे हाताने चाचपून पाहिले जाई. बैलांचे खूर व पत्र्या तपासल्या जात. आणि रात्रीचा प्रवास असेल तर साट्याखाली कंदील टांगल्यावाचून गाडी रस्त्यास लागत नसे. हे कोणी पुस्तकात वाचून केलेले नव्हते. वाटेत कणा मोडला तर रानात रात्र काढावी लागेल, ही धास्ती त्यांस होती. त्याच घराण्यातील आम्ही आज आठदहा लाखांची मोटार दारात उभी करतो, किल्ली फिरवितो आणि निघतो. चाकात हवा किती आहे, हे पाहण्याचेही आमच्या मनात येत नाही.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी स्वतःची गोष्ट सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी पौषातील एका रात्री आम्ही इंदापुराहून बारामतीस परत येत होतो. निमगाव केतकी मागे पडले आणि अंथुर्णे येण्याच्या आधीच मागचे चाक बसले. उतरून स्टेपनी काढून पाहतो तो तीही भुईसपाट. गाडी घेतल्यापासून तीन वर्षांत तिच्यात हवा भरण्याचे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. गाडीत धोक्याचा त्रिकोण असावयास हवा होता, तो घरी कोठल्याशा कोनाड्यात पडलेला. दोन्ही बाजूंस उसाचे फड, वर धुके, आणि मागून येणारा प्रत्येक दिवा जणू अंगावरच येतो आहे असे वाटे. तेव्हा जो तो करतो तेच आम्ही केले. कडेचे चारपाच धोंडे उचलून गाडीमागे रस्त्यावर मांडले.

अशा वेळी उसाला दारे धरून घरी परतणारा एक शेतकरी फटफटीवरून आला. त्याने नाव-गाव न विचारता आमची स्टेपनी फटफटीवर आडवी घातली, निमगावास नेऊन पंक्चरवाल्यास उठविले आणि हवा भरून आणली. चाक बसले, आम्ही त्याचे आभार मानून निघणार तोच तो म्हणाला, “पाव्हणं, ते धोंडं तेवढं उचलून टाका. गेल्या साली असल्याच धोंड्यावर आमच्या भावकीतलं पोरगं फटफटीवरनं पडलं. आजून काठी घेऊन चालतंय.” आम्ही खाली मान घालून धोंडे उचलले. त्याने सांगितले नसते तर ते तेथेच राहिले असते, हे लपविण्यात अर्थ नाही.

त्या रात्रीपासून आमचे मत झाले आहे की, वाटेत गाडी बंद पडणे हा पुष्कळ वेळा दैवाचा खेळ नसून मालकाच्या हयगयीचे फळ असते. आणि या हयगयीचा दंड मालकासच भरावा लागतो असेही नाही. मागून येणाऱ्या निरपराध्यास तो प्राणाने भरावा लागतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका सालात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. रस्त्यात उभ्या असलेल्या वाहनावर मागून आदळून मेलेलेही त्यांत आहेत.

मग मालकाने करावे तरी काय? आठवड्यातून एकदा अर्धा तास मोटारीस द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. प्रथम चाके पाहावीत. हवेचा योग्य दाब किती, हे बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. हवा चाक थंड असताना मोजावी, कारण चालून तापलेल्या चाकात दाब वाढलेला दिसतो व आकडा फसवितो. हवा कमी असलेला टायर बाजूने दुमडत राहतो, तापतो आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात भरवेगात फुटतो. टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली म्हणजे तो टायर बाद समजावा. नक्षी शाबूत असली तरी टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आमच्याकडील अनेक मोटारी वाड्यातच अधिक उभ्या असतात. त्यांचे टायर झिजत नाहीत, पण रबर कडक होऊन त्यास भेगा पडतात. चार चाकांबरोबर पाचवे, म्हणजे स्टेपनीही पाहावी. अलीकडील काही मोटारींत स्टेपनीऐवजी केवळ पंक्चर काढण्याचे साहित्य देतात. तसे असल्यास ते खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे आणि वापरावयास शिकावे.

नंतर पाणी, तेल व बॅटरी. गाडी सपाटीस उभी करून, इंजिन निवाल्यावर तेलाची पट्टी पुसून बुडवावी व तेल दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही ते पाहावे. रेडिएटरच्या द्रवाची पातळी बाहेरच्या डब्यावरून कळते. त्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय सोडावी. आपल्या भागातील क्षारांनी जमिनीची काय गत केली आहे ते आपण पाहतोच, तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती काढून टोके घट्ट करावीत. डिझेल शेतावरील उघड्या डब्यातून मोटारीत ओतू नये. ट्रॅक्टरचे जुने इंजिन थोडे पाणी व गाळ सहन करील, पण हल्लीच्या मोटारीची नाजूक इंधन-यंत्रणा ते सहन करीत नाही. आणि उसाच्या मुलखातील खास शत्रू म्हणजे उंदीर. फड तुटला की ते आसरा शोधीत गोठ्यात व मोटारीत शिरतात आणि वायरी कुरतडतात. गाडी चारआठ दिवस उभी राहिली असेल तर झाकण उघडून पाहिल्यावाचून चालू करू नये.

शेवटी दिवे व ब्रेक. मागचे दिवे पेटतात की नाही, हे चालकास बसल्या जागेवरून दिसत नाही, म्हणून घरातील कोणास तरी मागे उभे करून पाहावे. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो व तापल्यावर दगा देतो, म्हणून तो साधारण दोन वर्षांनी बदलावा. मोरगाव-सासवडमार्गे पुण्यास जाणाऱ्यांनी दिवेघाट उतरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी गिअरमधून काढून सोडून देण्याची खोड पुष्कळांस आहे. तीत बचत नाही आणि जिवास धोका मात्र आहे. हल्लीची इंजिने गिअरमध्ये असताना पायाखालचा जोर काढला की इंधन आपोआप बंद करतात. उलट गिअरमधून काढलेल्या गाडीचा सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात.

यावर कोणी म्हणेल की, आताच्या मोटारी संगणकावर चालतात, त्यांत आमच्यासारख्याने हात घालून काय उपयोग? शिवाय फोन केला की कंपनीचा मिस्त्री येतो. हा आक्षेप अर्धा खरा आहे. यंत्राच्या पोटातील काम मिस्त्रीचेच होय आणि तेथे अर्धवट ज्ञानाने हात घालू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु हवा, पाणी, तेल, दिवा यांस संगणक लागत नाही. आणि मिस्त्री येईपर्यंतचा तास-दोन तासांचा काळ रस्त्यावर कसा काढावयाचा, हे त्या फोनवर कोणी शिकवीत नाही. माणसे दगावतात ती बहुधा याच काळात.

म्हणून त्या वेळचे वर्तन घरातील प्रत्येक चालकास, मुलासुनांसुद्धा, आधीच ठाऊक असले पाहिजे. गाडीने कुरकुर सुरू करताच ती शक्य तितकी डावीकडे, डांबर सोडून कडेस घ्यावी. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबू नये. टायर फुटला तर ब्रेकवर एकदम पाय देऊ नये. सुकाणूचक्र दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी व वेग आपोआप उतरू द्यावा. थांबताच चारही इशाऱ्याचे दिवे लावावेत. माणसांस डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे करावे. बंद गाडीत बसून राहणे किंवा तिच्या मागेपुढे घोळका करून उभे राहणे यासारखी घातक चूक दुसरी नाही. धोक्याचा त्रिकोण गाडीमागे निदान ५० मीटरवर, आणि मोठ्या रस्त्यावर त्याहून दूर, १०० मीटरपर्यंत ठेवावा.

चाक बदलताना जमीन सपाट व कठीण पाहावी. हातब्रेक ओढून, उरलेल्या चाकांस अडण लावून, गाडी उचलण्यापूर्वीच नट थोडे सैल करावेत. नव्या चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने अंग घालू नये. रस्त्याच्या बाजूचे चाक असेल आणि मागून वाहनांची रहदारी चालू असेल, तर मदत येईपर्यंत थांबावे. टायरपेक्षा पाठीचा कणा मोलाचा आहे.

इंजिन तापून वाफ निघू लागली तर ते बंद करून निवू द्यावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडल्यास आतील दाबाचे उकळते पाणी तोंडावर येते. तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास ते तडकू शकते. बॅटरी उतरली असता दुसऱ्या मोटारीवरून जोड घ्यावयाचा, तर तांबडी तार दोन्हींच्या धन टोकांस लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून पेटणारा वायू निघत असतो, त्याजवळ ठिणगी नको, हे त्याचे कारण होय.

आता आमच्या मते जो या विषयाचा गाभा आहे त्याकडे वळू. मोटारीची निगा ही ज्याची त्याची बाब म्हणता येईल. पण रात्री रस्त्यात उभी राहिलेली उसाची ट्रॉली ही सर्वांची बाब आहे. भरलेल्या ट्रॉलीचा आख मोडतो किंवा टायर फुटतो, चालक ट्रॅक्टर सोडवून साहित्य आणावयास जातो, आणि मागे दिवा नाही, चमकपट्टी नाही, अशी उसाची काळी भिंत रस्त्यावर उभी राहते. तिच्यामागे खूण म्हणून धोंडे किंवा बाभळीची डहाळी. येथे थोडा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर सरले. पुढे गाडी थांबावयास आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ७० मीटरच्या आसपास. समोरून वाहन येत असता दिवे मंद ठेवावे लागतात, आणि त्या मंद झोतात फार तर पन्नासएक मीटर दिसते. बिनपट्टीची ट्रॉली दिसते तेव्हा थांबण्याची वेळ टळून गेलेली असते! चालक कितीही सावध असो, हे अंतर त्यास भरून काढता येत नाही. चमकपट्टी असेल तर तीच ट्रॉली कितीतरी आधी डोळ्यांत भरते.

पुणे-सोलापूर रस्ता पूर्वीच चौपदरी झाला. पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे तोंडले-बोंडल्याकडे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन २०२१ च्या नोव्हेंबरात झाले. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि वेग वाढला की वरील हिशेबातील आकडेही वाढतात. ज्या वाटेने आषाढात वारकरी काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करीत चालतात, त्याच वाटेने हिवाळ्यात हा ऊस जातो. दोहोंसही ती निर्धोक असली पाहिजे.

कायदा या बाबतीत मुका नाही. धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन रस्त्यावर सोडून जाण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाने मनाई आहे. परंतु केवळ कायद्यावर व पोलिसांवर भार टाकून आपण मोकळे होऊ नये. ट्रॉलीतला ऊस कोणाचा? आपलाच. तो आपल्या फडात, आपल्या डोळ्यांदेखत भरला जातो. तोडणी कधी मिळेल, वजन किती भरेल, उतारा किती पडेल याची चौकशी आपण दहा वेळा करतो. ट्रॉलीस मागे दिवा आहे काय, हे एकदाही विचारीत नाही. ट्रॉलीवाला पोटासाठी परमुलखातून आलेला, त्यास फेऱ्यांची घाई. मालक विचारीत नाही तर तो कशास लावील? दोन ट्रॉल्यांस मागून व बाजूंनी चमकपट्टी लावण्याचा खर्च एखाद्या टन उसाच्या किमतीत भागेल. तेवढा भार शेतकरी, वाहतूकदार व कारखाना यांनी वाटून घेतला तर कोणासही तो जड होणार नाही.

आमची सूचना अशी की, या हंगामापासून प्रत्येक ऊस-उत्पादकाने स्वतःपुरता एक नेम करावा: चमकपट्टी व मागचा दिवा नसलेली ट्रॉली आपल्या फडात भरू द्यावयाची नाही. तोड मिळण्यास एक दिवस उशीर झाला तर होवो. कारखान्यांच्या वार्षिक सभांत आपण दराविषयी बोलतो तसे याविषयीही बोलावे, आणि वाहतुकीच्या करारात ही अट घालण्याचा ठराव मांडावा. गावोगावच्या सोसायट्यांनी दोनचार त्रिकोण व एक चांगला विजेरी दिवा कार्यालयात ठेवावा, म्हणजे गावाच्या शिवेत कोणाचेही वाहन बंद पडले तरी ते देता येतील.

आणखी एक भीती लोकांच्या मनातून जावयास हवी. अपघातातील जखमीस हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, म्हणून माणसे बघत उभी राहतात. २०१९ साली कायद्यात १३४-अ हे कलम घातले गेले आहे. सद्भावनेने व स्वतःहून मदत करणाऱ्यावर त्या जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल खटला चालत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटासाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, हे तीन क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

आम्हांस वाटेत मदत करणाऱ्या त्या शेतकऱ्याने दोन गोष्टी केल्या. अनोळखी माणसाची अडचण आपली मानली, आणि निघताना धोंडे उचलावयास लावले. पहिली गोष्ट आपल्या लोकांच्या रक्तातच आहे, तिचा उपदेश करण्याची गरज नाही. दुसरी मात्र शिकावयाची आहे. आपले काम झाले म्हणजे रस्ता मागून येणाऱ्याचा असतो, हे वाडवडिलांस साट्याखालच्या एका कंदिलाने कळत होते. आमच्या ट्रॉल्यांच्या मागे तेवढा उजेड लागला, तरी या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.